कळलावी

फळ्यावर थायोकोल्चिकोसाइड लिहीत
'साइड'पाशी पोचले आणि कंबर धरली.
खडू वर, हात वर, मी तशीच,
कुणी कळ दाबून बंद केलेल्या पंख्यासारखी.

अंबाजोगाई, दुसरं वर्ष, दुपारी दोनचा तास.
मागच्या बाकावरचा गुट्टे झोपेतून उठला.
हसू आधी मलाच आलं,
हसले तर आणखी दुखलं.

म्हटलं, बघा आता.
स्नायू दुखतो म्हणून आवळतो,
आवळतो म्हणून रक्ताची वाट चोंदते,
चोंदते म्हणून दुखतो.
भावाभावातला बांध.
आधी कुणी सरकवला, तलाठ्यालाही सांगता यायचं नाही.
गोळी निवाडा करत नाही,
दोघांना आपापल्या घरी पाठवते.

आणि स्नायूला ती शिवतही नाही.
तिचं काम वर, मेंदूच्या कचेरीत,
गॅबाच्या उंबऱ्यावर.
तिथं शांत राहा असा निरोप येतो,
ही तोच निरोप अडवते.
म्हणजे ताण वाढायला हवा.
(फिट येणाऱ्याला म्हणूनच देऊ नका.)
तरी ताण सुटतो. कसा?
पुस्तकात एक ओळ आहे: नेमकं ठाऊक नाही.
परीक्षेत ती येणार नाही. तरी पाठ करा.

आठ मिलिग्रॅम, बारा तासांनी, सात दिवस.
आठवा दिवस नाही.

येते कुठून, शेख निलोफरनं विचारलं.
खिडकीतून बोट दाखवलं, बुट्टेनाथाच्या दरीकडे.
श्रावण-भादव्यात कुपाटीवर चढते ती,
पाकळ्या उलट्या, टोकाला लाल, बुडाशी पिवळ्या,
चुलीतला जाळ कुणी वेलीला टांगावा तशी.
तिच्या बियांतून.
नाव सांगताना मात्र जीभ थोडी अडली.

माझी माय धुरपदा पाटोळे
तिचा कंद उगाळायची. नांगराच्या आकाराचा कंद,
सहाणेवर, मोजून सात वेढे.
अडलेल्या बाईच्या तळपायाला लेप,
आणि दाराबाहेर कंदील धरून मी.
"कळ येऊ दी गं बाय,
कळीबिगर लेकरू येत न्हाई."
लेकरू रडलं की त्या घडीला लेप पुसायचा,
चिंधी चुलीत, हात राखेनं तीनदा.
घटकाभर जास्त ऱ्हायला, तर बाईच जाती, म्हणायची.
थेरप्युटिक विंडो मी तिथं शिकले,
खिडकी नसलेल्या खोलीत.

"मॅडम, गरोदरपणात?"
वर्ज्य.
पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते.
वर्ज्य, पुन्हा म्हटलं,
आणि खोलीत राखेचा वास आला.

अजून एक. तोंडानं घेतलेली ही गोळी
जशीच्या तशी रक्तात सापडत नाही.
यकृतातून बाहेर पडते ती दुसऱ्याच नावानं,
आणि काम करतं ते दुसरं नाव.
घाटनांदूरच्या जन्मनोंदीच्या वहीत
बापाचं नाव आहे, आईचं आहे,
तारीख, वार, मुलगा की मुलगी.
हातांना रकाना नाही.
हे मी वर्गात बोलले नाही.

निलोफरच्या बाटलीतल्या पाण्यानं गोळी घेतली,
सगळ्यांसमोर, व्यासपीठाच्या पायरीवर बसून.
गुट्टेनं घड्याळ लावलं, नोंद ठेवायला.
चाळीस मिनिटांनी त्यानं विचारलं, कसं वाटतंय?
म्हटलं, लिही: फरक नाही. थोडी मळमळ.

रात्री कधीतरी मूठ उघडल्यासारखी कंबर सुटली.
माय जाऊन एकोणीस वर्षं झाली.
अंधारात उठून बसले,
का कोण जाणे, तळपायाला हात लावून पाहिला.

कोरडा होता.
कुणीतरी वेळेत पुसून घेतलं होतं.